हायाशी-सानांचा जाळीचा पूल

हायाशी-सानांचा फोन आला तेव्हा मी नागोयातल्या आमच्या घराच्या गॅलरीत बसून प्लास्टिकच्या बाटल्यांची झाकणं काढत होतो. इथे बाटली एका पिशवीत, झाकण दुसऱ्या पिशवीत आणि बाटलीवरचा वेष्टनाचा कागद तिसऱ्या पिशवीत टाकावा लागतो. इतकी वर्षं राहूनही माझ्या पिशवीवर अधूनमधून 'चुकलं' अशी चिठ्ठी लागतेच.

हायाशी-सान माझे इथले पहिले साहेब. मोटारीच्या भागांची ड्रॉइंग्ज तपासायच्या विभागात मी पुण्याहून नवाकोरा आलो होतो, तेव्हा त्यांनीच मला हाताशी धरलं. पुढे निवृत्त झाल्यावर ते आणि त्यांच्या पत्नी हिदाच्या डोंगरातल्या आपल्या मूळ गावी राहायला गेले. फोनवर हवापाण्याचं बोलून झालं, माझ्या बायकोची, मुग्धाची, चौकशी झाली आणि मग ते म्हणाले, "केळकर-सान, आमचा पूल पाडणार आहेत. शेजारी काँक्रीटचा नवा होत आलाय. बर्फ पडायच्या आत जुना बंद."

"अरेरे," मी म्हणालो.

मग ते म्हणाले, "तुमच्या मागे बसवून मला एकदा त्यावरून न्याल का?"

मी लगेच हो म्हणालो, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ झाकण हातात धरून बसून राहिलो. हा माणूस ऑफिसात स्टेपलर मागतानासुद्धा आधी माफी मागायचा. त्याने माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. शिवाय मोटरसायकल ही त्यांची गोष्ट, माझी नव्हे. पुण्यात मी स्कूटरवरून ऑफिस गाठण्यापलीकडे काही केलं नव्हतं. इथल्या लायसन्सच्या परीक्षेत वीतभर उंचीही नसलेल्या अरुंद पट्टीवरून गाडी सावकाश न्यावी लागते. त्या पट्टीवरून मी पहिल्या खेपेला घसरलो, तेव्हा हायाशी-सानांनीच रविवारी मैदानात नेऊन माझ्याकडून तयारी करून घेतली होती.

आता त्यांच्याकडे लायसन्सच नव्हतं. वसंतात एका संध्याकाळी त्यांची छोटी गाडी रस्ता सोडून भाताच्या खाचरात उतरली. कोणाला लागलं नाही, कोणी चकार शब्द काढला नाही. तरी दुसऱ्या दिवशी हे स्वतः जाऊन लायसन्स जमा करून आले आणि लगोलग मोटरसायकलही विकून टाकली. इथे वय झालेली बरीच माणसं आपणहून असं करतात. आमच्याकडे ऐंशीचे आजोबा डोळ्यांचं ऑपरेशन झाल्याच्या चौथ्या दिवशी भाजी आणायला स्कूटर काढतात आणि घरातले त्याचं कौतुक सांगत फिरतात.

आणि पूल म्हणजे काय, तर नदीवर टाकलेली लोखंडी जाळी. आपल्याकडे गटारावर असते तशीच, फक्त इकडच्या काठापासून तिकडच्या काठापर्यंत. हिदात बर्फ एवढा पडतो की भरीव पुलावर त्याचे थर साचतात; जाळीतून तो खाली नदीत पडून जातो. बर्फाची सोय होते, दोन चाकांवर बसलेल्या माणसाची मात्र होत नाही.

मुग्धाने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मागे बसवून जाळीवरून नेणार? तू स्वतः कधी गेलायस का?"

नव्हतो गेलो. म्हणून हायाशी-सानांनाच विचारलं, आणि त्यांनी वाटेवरचे तसलेच दोन जुने पूल सांगितले. ते सरावासाठी, आणि तिसरा त्यांचा, असा बेत ठरला.

किसो

ऑक्टोबर सरता सरता निघालो. नागोयाचं ट्रॅफिक वगळतो, ते कोणी वाचू नये. पुढे किसो नदी कधी डावीकडून, कधी उजवीकडून सोबत करायला लागते, डोंगर जवळ येतात आणि हवा एकाएकी गार होते. उतारांवरचे मेपल तांबडे व्हायला लागले होते. कोम्बिनीबाहेर, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानाबाहेर, उभ्या उभ्या आंबट प्लम भरलेला भाताचा गोळा खाल्ला. हा प्लम म्हणजे आपल्या मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याचा चुलतभाऊ. आम्हा शाकाहारी मंडळींना या देशात त्यानेच जगवलंय.

रस्त्यावर एक गोष्ट मला फार आवडते. समोरून मोटरसायकलवाला आला की तो डावा हात दाखवतो, आपणही दाखवायचा. एरवी लिफ्टमध्ये नजरेला नजर न देणारी ही माणसं हेल्मेट चढवलं की एकदम मोकळी होतात. मी तर दिवसभर सभेला निघालेल्या पुढाऱ्यासारखा हात करत होतो.

पहिला पूल मुख्य रस्ता सोडून एका उपनदीवर होता, लहानसाच. हायाशी-सानांनी फोनवर पढवून ठेवलं होतं. ब्रेक लावायचा नाही, रेस कमीजास्त करायची नाही, टाकी गुडघ्यांनी घट्ट धरायची, हात सैल सोडायचे आणि बघायचं पलीकडच्या काठाकडे. "चाक हलतं. हलू द्यायचं. ते आपलं आपण सरळ होतं."

ऐकायला सोपं आहे. पुढचं चाक जाळीवर चढलं मात्र, कोणीतरी ते खालून दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे ओढतंय असं वाटलं. खालून घर्रर्र आवाज सुरू झाला. मी हँडल आवळलं. आवळलं तशी गाडी जास्तच झोकांड्या खायला लागली. मग जे करू नये तेच केलं, खाली बघितलं. पट्ट्यांच्या मधून हिरवंगार पाणी वेगाने मागे पळत होतं. पलीकडे कसा पोचलो ते आठवत नाही. पोचल्यावर आधी टायरला शिव्या दिल्या, नाचता येईना अंगण वाकडं. मग घाईने खडीत गाडी लावली. खडीत स्टँड रुतला आणि माझी चारशे सीसीची गाडी सावकाश, अगदी अदबीने, आडवी झाली.

मागून येणारी एक मोटरसायकल थांबली. हेल्मेट काढल्यावर दिसलं, पन्नाशीच्या बाई, आखूड केस, हसरा चेहरा. न विचारता त्यांनी एका बाजूने हात घातला, मी दुसऱ्या बाजूने, आणि गाडी उभी केली. आरसा तेवढा तडकला होता.

"भारतातून आलात?" त्यांनी ओला रुमाल पुढे करत विचारलं.

"हो. तुम्ही ओसाकाच्या का?"

"कशावरून ओळखलंत?"

"तुम्ही आपणहून बोललात."

त्या खळखळून हसल्या. इथे ओसाकाची माणसं बडबडी समजली जातात, आणि त्यांना त्याचा अभिमान असतो. मी या जाळीवर काय करतोय असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी हायाशी-सानांचं सांगितलं. त्यांचं हसू थांबलं.

"मागे बसतो, असं ते स्वतः म्हणाले?"

"हो. फोन करून."

"माझे वडील शेवटपर्यंत बसले नाहीत," त्या म्हणाल्या. "मी दहादा म्हटलं, चला, मी नेते तुम्हाला. नाहीच म्हणाले. जन्मभर पुढे बसलेल्या माणसाला मागे बसायला फार जड जातं हो. तुमचे हायाशी-सान मोठे आहेत."

मला तेव्हा ते नुसतं कौतुक वाटलं. मी वाकून आभार मानले आणि त्या हात दाखवून निघून गेल्या.

काइदा

मुक्काम काइदाच्या पठारावर एका घरगुती खानावळीत केला. समोर ओंताके डोंगर, माथ्यावर नुकताच भुरभुरलेला बर्फ. जेवायला थंडगार सोबा, म्हणजे एका करड्या धान्याच्या पिठाच्या बारीक शेवया, सोबत किसलेला मुळा. त्या ज्या सारात बुडवून खायच्या त्यात मासा असतोच. पहिल्या वर्षी मी चौकशा करून करून बायाबापड्यांना रडकुंडीला आणत असे. आता त्या साराला मी मासा म्हणत नाही आणि ते मला ब्राह्मण म्हणत नाहीत, असा तह झाला आहे.

सकाळी बुरबुर पाऊस. दुसरा पूल पठारावरून उतरताना लागला, आणि ओली जाळी म्हणजे साबण लावलेली फरशी. अलीकडे थांबून मनाचा हिय्या करत होतो तेवढ्यात मागे एक छोटा पांढरा ट्रक येऊन थांबला. आत टोपीवाले एक आजोबा. त्यांनी हॉर्न वाजवला नाही, दिवा मारला नाही. मी माफी मागायला मागे वळलो तर त्यांनीच मान झुकवली. पुण्यात एव्हाना मागच्याने हॉर्न वाजवून वाजवून मला नदीत ढकललं असतं, आणि वर विचारलं असतं, पोहता येतं का.

मग गेलो. गुडघे आवळले, हात सोडले, नजर पलीकडच्या देवदारांवर. चाक हललं, मी हलू दिलं, आणि खरंच ते आपलं आपण सरळ झालं. खालचा घरघराट वेगाबरोबर वर वर चढत गेला आणि एका ठिकाणी स्वच्छ सुरात लागला. मी हेल्मेटच्या आत मोठ्याने ओरडलो. चाळिशी उलटल्यावर आपल्याला काहीतरी नवं जमलं याचा असा आनंद फार क्वचित वाट्याला येतो. मागचे आजोबा पुढे जाताना काच खाली करून म्हणाले, "थंडी आहे. जपून जा हं."

पुढचा सगळा रस्ता मी त्या हुरुपात चालवला. मनात एकच घोळत होतं: हे सुख हायाशी-सानांनी मागच्या सीटवर बसून, माझ्या पाठीकडे बघत का घ्यायचं? ते पुढे बसूनच घ्यायला हवं. या हुरुपानेच घात केला.

हिदा

हिदात पोचेपर्यंत ऊन पडलं होतं. गाव म्हणजे नदीच्या पलीकडे पाच-सहा घरं, त्यातली निम्मी बंद. नवा काँक्रीटचा पूल जरा वरच्या अंगाला, कडेला नारिंगी अडथळे लावून तयार होता. जुना त्याच्याशेजारी गंजून तांबूस झालेला, मधे किंचित वाकलेला. पलीकडच्या काठावर दोन माणसं उभी दिसली.

मी पूल पार केला, आणि चांगला केला. हायाशी-सान पूर्ण तयारीत उभे होते. जुनं चामड्याचं जाकीट, घट्ट नाड्या बांधलेले बूट, काखेत हेल्मेट. शेजारी त्यांच्या पत्नी, ज्यांना मी मनातल्या मनात काकू म्हणतो.

"आवाज एकसारखा आला," हायाशी-सान म्हणाले. "हात सैल होते तुमचे."

एवढं कौतुक त्यांनी माझ्या एकाही ड्रॉइंगचं केलं नव्हतं.

"यांचा आवाज मला घरात बसून कळायचा," काकू म्हणाल्या. "पूल वाजला की मी चहाचं पाणी ठेवायची."

मी गाडीवरून उतरलो, किल्ली काढली आणि हायाशी-सानांच्या तळहातावर ठेवली. "तुम्ही चालवा. मी मागे बसतो."

त्यांना कळायला क्षणभर लागला. "माझ्याकडे लायसन्स नाही, केळकर-सान."

"अहो, कोण बघतंय इथे? अख्ख्या दरीत आपण तिघं. नुसतं पलीकडे जायचं आणि परत यायचं."

आपल्याकडे हे प्रेम असतं. नियम थोडा वाकवून दिला की समोरच्याला कळतं, याने आपल्यासाठी काहीतरी केलं. डॉक्टर नको म्हणाले असले तरी यजमान वाटीत अर्धा गुलाबजाम जास्त टाकतो, तसं. मी अगदी मनापासून बोललो होतो, हे मला आजही शपथेवर सांगता येईल.

हायाशी-सान किल्लीकडे बघत राहिले. मग त्यांनी हेल्मेट काकूंच्या हातात दिलं आणि ते गाडीपाशी गेले. हँडलला धरून त्यांनी पाय टाकला. तो सहज गेला नाही, पण गेला. पुढच्या सीटवर बसले. दोन्ही पाय जमिनीवर, दोन्ही हात हँडलवर, इंजिन बंद. समोर पूल. मी खुशीत काकूंकडे बघितलं, तर त्या खाली बघत होत्या.

काही वेळाने हायाशी-सानांनी हात हँडलवरून काढले. ते उतरले. किल्ली त्यांनी दोन्ही हातांनी, व्हिजिटिंग कार्ड देतात तशी, मला परत दिली.

"आज नको," ते म्हणाले.

"मग मागे बसा ना. ठरलं होतं तसं."

"तेही आता नको." बोलताना ते हसत होते, आणि ते हसू मला अजून सोसत नाही. "मागे बसायची मी मनाची तयारी केली होती, केळकर-सान. पुढे बसायची केली नव्हती."

मला कळलं. त्याच क्षणी सगळं कळलं. खाचरातून गाडी बाहेर काढली त्या रात्री या माणसाने एक दार बंद केलं होतं. ते बंद ठेवायला त्याला किती कष्ट पडले असतील देव जाणे. आणि मी भला माणूस, प्रेमाच्या भरात ते सताड उघडून मोकळा झालो होतो. आता मागे बसून माझ्या खांद्यावर हात ठेवणं त्यांना जमणार नव्हतं. हात पुढे, हँडलकडे, जाऊ पाहणार होते.

अशा वेळी हट्ट धरायचा असतो. पुण्यात मी "काहीतरीच काय हो, बसा आधी" म्हणत हात धरून बसवलंच असतं, आणि रुसवा पुलाच्या मध्यापर्यंत टिकला नसता. पण इतक्या वर्षांत इथे मी हेच तर शिकलो होतो, की समोरचा नको म्हणाला की दुसऱ्यांदा विचारायचं नाही. मी कमरेत वाकलो आणि अत्यंत शुद्ध, अत्यंत अदबशीर जपानीत म्हणालो, "समजलं. माझी चूक झाली. क्षमा असावी." जिथे जपानी व्हायचं तिथे मी पुणेकर झालो आणि जिथे पुणेकर व्हायचं तिथे नेमका जपानी.

जेवण सुरेख होतं. शेगडीवर एक मोठं वाळकं पान, त्यावर भाजलेलं मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा, आणि कांद्याची पात. आपल्या पानगीची आठवण झाली, आणि एरवी मी ते बोलूनही दाखवलं असतं. लाल सलगमाचं लोणचं होतं. हायाशी-सान मुळ्यांबद्दल बोलले, यंदा रानडुकरांनी किती नासधूस केली ते बोलले. मुग्धासाठी त्यांनी सफरचंदं काढून ठेवली होती. पुलाचं नाव कोणी काढलं नाही. निघताना ते दारापर्यंत आले, मला खूप लांबून आल्याबद्दल धन्यवाद दिले आणि उंबऱ्याच्या आतच थांबले.

काकू सफरचंदांची पिशवी घेऊन गाडीपर्यंत आल्या. मी पिशवी बांधायला घेतली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही येणार म्हणून त्यांना फार आनंद झाला होता."

मी शेवटची गाठ आवळली.

"तुमच्याशी फोनवर बोलले ना, त्या दिवसापासून रोज सकाळी अंगणात सराव करत होते. बाकाच्या पाठीवरून पाय टाकायचा. मागच्या सीटवर चढताना तुम्हाला त्रास व्हायला नको म्हणून. गुडघाच वर येत नव्हता त्यांचा." त्यांनी पिशवीची गाठ उगाच चाचपून बघितली. "काल आला."

मी घराकडे बघितलं. "मी परत जाऊन विचारू का? एकदाच?"

त्यांनीही घराकडे बघितलं. त्यांना तसं व्हायला हवं होतं, हे मला त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. पण त्या म्हणाल्या, "बूट काढून, पुसून, कपाटात ठेवलेत त्यांनी." आणि खूप खाली वाकल्या.

मीही वाकलो. हेल्मेट घातलं, गाडी सुरू केली आणि पुलावर घातली. पूल वाजला. हायाशी-सानांना तो घरात ऐकू गेला असणार, आणि वरून एकटाच माणूस चाललाय हेही त्यांना आवाजावरून कळलं असणार.